चाळीस मिनिटांच्या जाऊबाई

‘‘उद्या काय घालू हो?’’ असं विचारत एखादी बाई कपड्यांची पिशवी घेऊन आली, की आमच्या मोठ्या जाऊबाई आधी केक ओव्हनमध्ये सारतात. ऑर्डरीचे केक रोज असतातच. टिन आत गेला, दार लागलं, की कमरेच्या फडक्याला हात पुसत म्हणतात, ‘‘चला, करा पिशवी रिकामी.’’ चाळीस मिनिटांनी केक बाहेर यायच्या आत बाईचा पोशाख ठरलाच पाहिजे, आणि तोही तिच्याच जुन्या कपड्यांतून, हा त्यांचा नियम. चाळीसच मिनिटं का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, ‘‘दहा मिनिटं दिली तर बाई हाताला लागेल ते घालते. दोन तास दिले तर स्वतःच्या अंगाला नावं ठेवत बसते.’’

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नाही. लग्नाआधी सहा वर्षं त्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ट्रायल रूमबाहेर नोकरीला उभ्या होत्या. पडद्याआड, आरशासमोर बायका स्वतःला काय काय म्हणतात ते त्यांनी रोज ऐकलं. म्हणून त्या आरसा सगळ्यांत शेवटी दाखवतात. आधी काम करून दाखवायला लावतात. तान्हं मूल असलेल्या बाईला आमची उशी कडेवर घेऊन घरभर फिरवतात. दिवसभर खुर्चीत बसणारीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून ठेवतात आणि पाठीमागून शर्ट किती वर चढतो ते बघतात.

बेकिंग त्या इथे येऊन शिकल्या, पुस्तकं वाचून आणि केक बिघडवून. आमचा ओव्हन जुना, डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात जास्त तापणारा. अर्ध्या वेळात टिन फिरवला नाही तर केकला एकीकडून काळी कड येते. वाटीवर त्यांचा भरवसा नाही. मैदा, लोणी, फोडलेलं अंडंसुद्धा वजनकाट्यावर जातं. सासूबाई सुरुवातीला नाक मुरडायच्या. ‘‘मोठी एक दिवस मलाही काट्यावर ठेवेल बघ,’’ असं मला म्हणायच्या, आणि ते मोठीला ऐकू जाईल इतक्या जोरात.

हे सगळं मला ज्या रविवारी नीट कळलं, त्या दिवसाची ही गोष्ट.

वन्सं म्हणजे आमच्या नवऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात, मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्या वर्षी त्यांच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं. आजार वेळेवर कळला, गाठ गेली, तिच्याबरोबर ती बाजूही गेली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही, कामाला लागा. तीन महिन्यांची रजा संपून सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. आणि रविवारी दुपारी वन्संनी जेवणाच्या टेबलावर राजीनामा लिहून ठेवला. वर पाण्याचा ग्लास, कागद उडू नये म्हणून.

सासूबाईंनी वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. मी काहीतरी समजुतीचं बोलले, ते मलाच पोकळ वाटलं. जाऊबाईंनी कागद वाचला, ग्लासासकट बाजूला सरकवला, आणि ऑर्डरीचा केक ओव्हनमध्ये ठेवला.

‘‘वन्सं, पिशवी आणा.’’

‘‘अगं वहिनी, मी काय तुझी गिऱ्हाईक आहे?’’

‘‘गिऱ्हाईक नाही, म्हणून तर उलट बोलताय. आणा.’’

वन्सं बडबडत गेल्या आणि शर्टांचा ढीग आणून आपटला. जाऊबाईंनी उभ्या रेघांचे सगळे शर्ट वेगळे काढले. ‘‘हे नकोत. रेघ कुठे वाकडी झाली की आंधळ्यालाही कळतं. बारीक फुलांचे ठेवा, त्यांत नजर हरवते.’’ मग मला टेबलाशी बसवून समोर वही ठेवली. ‘‘ही सातवीतली मुलगी. हिचं गणित चुकलंय. बघा.’’

वन्सं वाकल्या. आणि मला दिसलं. दवाखान्यातून दिलेलं स्पंजाचं पॅड, कापसासारखं हलकं, वाकताच वर सरकून गळ्याशी आलं. माझी नजर मी खाली वळवली, पण उशीर झाला होता.

‘‘बघितलंस?’’ वन्सं उसळल्या. ‘‘दिवसातून शंभरदा वाकावं लागतं मला. समोर चाळीस पोरी. आणि हे असं टुणकन वर. हात फळ्यावर नेला तरी तेच. लपवू तरी किती?’’

तर राजीनामा त्यासाठी होता. आजाराला न घाबरलेली बाई वहीवर वाकायला घाबरत होती, आणि तीन महिन्यांत आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

जाऊबाईंनी ‘अरेरे’ म्हटलं नाही. त्यांनी ते पॅड मागून घेतलं आणि तळहातावर झेललं, एकदा, दोनदा. ‘‘याला वजनच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चुकलंय ते एवढंच. जागेवर राहायला वजन लागतं, उजव्या बाजूइतकं.’’ मग काटा उचलला, वन्संच्याच गणिताच्या पुस्तकांची चळत टेबलावर रचून त्यावर ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘‘धाकटे, तू बाहेर.’’

मी दाराबाहेर सासूबाईंजवळ येऊन उभी राहिले. आतून आवाज येत होते.

‘‘अजून थोडं खाली वाका.’’

‘‘गार आहे गं ते!’’

‘‘हलू नका, काटा थरथरतोय. चारशे दहा!’’

सासूबाईंना राहवेना. ‘‘काय गं, कशाचं वजन करताय?’’

मग वन्संचाच आवाज आला, ‘‘लोण्याचं, आई!’’ आणि त्या दोघी अशा हसत सुटल्या की मीही तोंडाला पदर लावला. तीन महिन्यांनी या घरात वन्संचं हसू ऐकलं.

जाऊबाईंनी जुन्या मऊ मलमलीची वाटोळी पिशवी शिवली. पावावर लावायचे जवस चारशे दहा ग्रॅम मोजून तिच्यात भरले. वजन बरोबर, पण जवस फुगीर. वन्संनी शर्टाखाली घालून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘हे काय? एका बाजूला थोरली जाऊ, एका बाजूला धाकटी!’’

जाऊबाई विचारात पडल्या. मग आपल्या खोलीत गेल्या आणि काळं जाकीट घेऊन आल्या. नोकरी सोडताना दुकानातल्या मुलींनी वर्गणी काढून दिलेलं, कडेला भरगच्च काचेचे मणी लावलेलं. त्यांच्याकडचा तो एकच उंची कपडा. मी ‘‘अहो ताई!’’ म्हणेपर्यंत त्यांची कात्री कडेवरून फिरलीसुद्धा. मणी खळखळत वाटीत पडले.

‘‘काच जड. थोडी लागते,’’ त्या एवढंच म्हणाल्या. निम्मे जवस काढले. मणी वेगळ्या कप्प्यात खाली आणि मागच्या बाजूला, मऊ जवस पुढे. काट्यावर एकेक मणी टाकत त्यांनी चारशे दहा गाठले. मग वन्संच्या आतल्या कपड्याला आतून खिसा शिवायला घेतला.

तेवढ्यात वास आला. जळका.

त्यांना या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या हातून एकही केक जळला नव्हता. तो संध्याकाळी न्यायचा केक होता, कुणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाचा. मी ओव्हनकडे धावले.

‘‘ताई, केक!’’

‘‘जळू दे,’’ जाऊबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. ‘‘टाका घालतेय.’’

ओव्हन शेवटी सासूबाईंनी बंद केला. काळाठिक्कर टिन बाहेर काढला, खिडकी उघडली, आणि दुसऱ्या केकसाठी काट्यावर मैदा मोजायला घेतला. वाटीने नाही, काट्यावर. चष्मा लावून, आकडा मोठ्याने वाचत.

वन्सं पुन्हा माझ्यासमोर आल्या. बारीक निळ्या फुलांचा, बंद गळ्याचा शर्ट. वाकल्या. काहीच हललं नाही. हात वर नेला, भिंतीवर बोटाने पूर्णांक अपूर्णांक लिहिला, झटकन मागे वळल्या, खाली पडलेलं पेन उचललं. जाऊबाई सुई तोंडात धरून बघत होत्या. मग त्यांनी कपाटाचं दार उघडून आतला आरसा दाखवला. वन्संनी आधी समोरून, मग बाजूने पाहिलं.

‘‘खांदा सरळ झाला माझा,’’ त्या हळू म्हणाल्या.

‘‘वजन सारखं झालं की होतो,’’ जाऊबाई म्हणाल्या.

रात्री जेवताना राजीनाम्याचा कागद टेबलावर नव्हता, पण तो फाडला की पर्समध्ये गेला, हे आम्हाला माहीत नव्हतं. सकाळी वन्सं निळा शर्ट घालून गेल्या तेव्हाही नव्हतं. जाऊबाईंनी एकच पाव दोनदा मळला.

चार वाजता दार वाजलं. वन्सं दोन्ही हातांत वह्यांचा गठ्ठा घेऊन आत आल्या, तो टेबलावर आदळला आणि चपला न काढताच सुरू झाल्या.

सासूबाईंनी भीत भीत विचारलं, ‘‘काय गं, कसं झालं?’’

‘‘कसं काय होणार! तीन महिने मी नाही तर सगळा बट्ट्याबोळ! सातवीला छेद समान करता येत नाही, आई! एकेकीच्या वहीवर वाकून दाखवलं. उद्या शाळा सुटल्यावर सगळ्यांना थांबवून घेणार आहे. आणि खायला काय आहे? मला भूक लागलीय.’’

आमचा जीव भांड्यात पडला. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या होत्या, पावाची जाड कापं करत होत्या, चांगली चार. गरजेपेक्षा जास्त वेळ लावून त्यांनी त्यांवर लोणी फासलं, ताटली वन्संसमोर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

‘‘आधी हात धुवा, वन्सं. खडू लागलाय कोपरापर्यंत.’’