पत्र्याखालची बाळंतिणीची खोली

पत्र्याचं छप्पर घालायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो गळतीचा. पावसात गळणार तर नाही ना? आमच्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की वैशाखातल्या भर दुपारी या छपराखाली तान्हं लेकरू निजवता येईल का? आम्ही घर बांधलं तेव्हा हे कुणी विचारलं नाही. आम्हालाही ते सुचलं नाही. आम्ही आपले हुक, वायसर आणि पत्र्यावर पत्रा किती चढवायचा यातच गुंतलो होतो.

वालूरजवळच्या आमच्या गावात, वस्तीच्या कडेला, आम्ही हे घर स्वतः उभं केलं. ठेकेदार नाही, इंजिनिअर नाही. आमचे हे शाळेत कारकून. शाळेतून आले की मोबाइलवर बांधकामाचे व्हिडिओ बघायचे आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला शिकवायला जायचे. गवंडी मान डोलवायचा आणि त्याला हवं तेच करायचा. बेत स्लॅबचा होता. पण होळीच्या सुमारास बोअर आटलं, आणि स्लॅबला भरपूर पाणी पाजलं नाही तर तो पुढं भेगाळतो, हे गवंड्यानंही सांगितलं आणि व्हिडिओतल्या माणसानंही. दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. मग ठरलं, पावसाळा होऊन जाऊ द्यायचा, तोवर पत्रे.

त्यातच आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. तिचं सासर पाथरीला, स्लॅबचं पक्कं घर. विहीणबाईंनी फोनवर हळूच विचारूनही पाहिलं, "लय ऊन तापायलंय. पोरीला इथंच ठेवावं का? तुमचं घर अजून व्हायलंय."

मला ते झोंबलं. पण मी काही बोलायच्या आधी लेकीनंच नवऱ्याला सांगून टाकलं होतं, मी आईकडंच जाणार. ती आली. सेलूच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, नाकीडोळी नीट, केस तर कपाळावर आलेले. घरी आणली तेव्हा मी उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मायलेकींना सरळ त्या मागच्या खोलीत नेलं.

ती खोली आम्ही दोघांनी आपापल्या परीनं सजवली होती. मी रिवाजाप्रमाणं. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, म्हणून खिडक्या बंद, दाराला जाड पडदा, बाजेखाली सकाळी शेगडी आणि ओव्याची धुरी. लेकीच्या कानाला फडकं, बाळाला कुंची आणि वरून दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. पंखा होता, पण भिंतीकडं तोंड करून. विहीणबाईही रोज फोनवर हेच बजावायच्या, "दार उघडं टाकू नका बरं. वारं बाधतं." त्यांचंही माझ्यासारखंच. लहानपणापासून जे पाहिलं, ते.

ह्यांनी खोली सजवली ती व्हिडिओप्रमाणं. पत्र्याला आतून थर्मोकोलचे ताव चिकटवले. भिंत संपते आणि पत्रा सुरू होतो तिथं ज्या फटी राहतात, त्या सिमेंटनं लिंपून टाकल्या. झळ आत यायला नको, म्हणून. काम झाल्यावर मला हौसेनं दाखवलं, "बघ, मुंगी जायला जागा ठेवली न्हाई."

खरंच ठेवली नव्हती.

सुरुवातीचे दिवस बरे गेले, कारण आभाळ होतं. मग आभाळ निवळलं आणि ऊन पेटलं. त्या दुपारी जेवणं झाली तशी लाईट गेली. मी स्वयंपाकघरात डिंक तळत होते. लाईट रोजच जाते, म्हणून मी उठलेही नाही. थोड्या वेळानं आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ लेकीची हाक, "आई, इकडं ये."

पडदा सारला आणि तोंडावर भट्टीची वाफ यावी तसं झालं. थर्मोकोलचा एक ताव डिंक सुटून खाली पडला होता, नशीब बाजेच्या बाजूला पडला. त्याच्या जागी उघडा पत्रा दिसत होता. तापलेल्या डिंकाचा वास तर असा की डोकं गरगरावं. लेक घामानं निथळत होती आणि मांडीवरच्या बाळाला अंगावर घ्यायचा प्रयत्न करत होती. बाळ ओढत नव्हतं. लालबुंद झालं होतं, डोळे अर्धे मिटलेले. मी कपाळाला हात लावला आणि हात मागं घेतला.

"सकाळपासून रडायली होती," लेक म्हणाली. "आता रडंना बी गेली."

मी घाबरले हे सरळ सांगते. रडणाऱ्या लेकराची भीती वाटत नाही, गप झालेल्याची वाटते. ताप चढला, हेच दोघींच्या मनात आलं. आणि ताप चढला म्हटल्यावर आमच्याकडं काय करतात? अजून गुंडाळतात. लेकीनं कोपऱ्यातलं दुसरं दुपटं ओढून बाळाभोवती लपेटलं. मी ते पाहत होते. मी तिला थांबवलं नाही, उलट पायाकडचं टोक मीच खोचून दिलं.

ह्यांनी रिक्षा आणली. सेलूचा रस्ता एरवी बोलता बोलता संपतो, त्या दिवशी संपेना. दोन्ही बाजूंनी झळ येत होती, म्हणून मी बाळाच्या तोंडावर पदर धरला. लेक सारखी विचारत होती, "श्वास चालू हाय ना? बघ ना आई, चालू हाय ना?" मी दर वेळी हो म्हणत होते, पण गचक्यांमुळं खरं तर मला काही कळत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं काम केलं ते दुपटी सोडायचं. एक सोडलं, दुसरं सोडलं, कुंची काढली, झबलं काढलं. आमची लेक ओरडली, "अहो, ताप हाय तिला!" बाईंनी बाळाला पंख्याखाली उघडं ठेवलं, कोमट पाण्याच्या फडक्यानं अंग पुसायला लावलं, नर्सला लेकीचं दूध काढून चमच्यानं पाजायला सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा अंगाला हात लावला आणि मग आमच्याकडं वळल्या.

"घराचं छप्पर कशाचं आहे?"

मला राग आला. लेकरू असं पडलंय आणि ही बाई छपराची चौकशी करते! ह्यांनी मात्र खाली मान घालून सांगितलं, पत्र्याचं. खिडक्या? बंद. शेगडी? असते. बाई म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला स्वतःचं अंग थंड करता येत नाही. तिला आजाराचा ताप नसावा, ती उकडलीय. पण आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते. आजची रात्र इथंच ठेवा."

तेवढ्यात बाळानं टाहो फोडला. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. लेक मात्र हसली नाही की रडली नाही. बाळाच्या छातीकडं एकटक बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मायलेकींना घरी नेलं नाही, शेजारच्या घरी नेलं. त्यांचं जुनं माळवदाचं घर. रुंद भिंती, वर लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर हातभर माती. तिथंही त्यांनी दारंखिडक्या लावूनच घेतल्या होत्या, आणि आत अंग निवावं इतकं गार. तिथं बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. बाळंतिणीची खोली बंद ठेवायची, हा रिवाज या छपराखाली जन्मला. वर मातीचा थर असताना दार लावलं की गारवा आत कोंडतो. आम्ही छप्पर बदललं, रिवाज तोच ठेवला. पत्र्याखाली दार लावलं की आग कोंडते.

पण शेजाऱ्यांकडं किती दिवस राहणार? त्यांची लेकही सुट्टीला पोरं घेऊन यायची होती. आणि विहीणबाईंना कळलंच. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "बारशाला जीप घेऊन येते. खोली बघते. न्हाई पटली तर दोघींना घेऊन जाते."

मग आमच्या घरात जे जुंपलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते, कारण घर बांधणाऱ्यांच्या कामाचं आहे. ह्यांना अजून जाड थर्मोकोल आणायचा होता. मी म्हटलं, "अहो, वरची गरम हवा बाहेर जायला वाट कुठंय? तुमी मुंगीला बी जागा ठेवली न्हाई."

"फटी उघडल्या तर झळ आत येईल."

"आत हाय ती बाहेरच्यापेक्षा गरम हाय!"

ऐकेनात. मग मीच स्टुलावर चढले आणि छिन्नी-हातोडी घेऊन लिंपलेलं सिमेंट फोडायला लागले. साठवलेला सगळा राग त्या सिमेंटवर काढला. ढलपी पडायला लागली तसा आतला कोंडलेला उबारा तोंडावर आला. ह्यांनी खालून हात वर करून तो अनुभवला, दुसरं स्टूल आणलं आणि समोरच्या भिंतीकडून सुरुवात केली.

पुढं जे केलं ते क्रमानंच करावं. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत छपरालगत झरोके ठेवले, त्यांना चिमण्या-उंदरांसाठी जाळी मारली. थर्मोकोल पत्र्यापासून सोडवला. तो पत्र्याला चिकटवायचाच नसतो, डिंक उन्हात तग धरत नाही. पत्र्याच्या खाली हातभर जागा सोडून बांबूचे तट्टे आडवे बांधले आणि थर्मोकोल त्या तट्ट्यांवर नुसता अंथरला. म्हणजे पत्रा तापला तरी ताप त्या मधल्या पोकळीत राहतो आणि झरोक्यातून निघून जातो. थर्मोकोल भुरकन पेटतो, म्हणून शेगडी त्या खोलीतून कायमची हद्दपार, आणि जाड पडदा काढून खिडक्याही उघडल्या. पत्र्यावर बाहेरून चुन्यात फेव्हिकॉल कालवून पांढरे हात मारले, तेही भल्या सकाळी, कारण उन्हात चुना लावता लावता वाळतो आणि पोपडे धरतो. त्याच्याही वर, पत्र्याला टेकणार नाहीत असे बांबू बांधून तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, सावली केली. तुराट्या तारेनं त्या बांबूंना आवळल्या, नाहीतर वावटळीत त्या वालूरच्या बाजारात सापडल्या असत्या. चुलीचा धूर जिकडून निघतो ती बाजू मोकळी ठेवली, ठिणगीचा भरवसा नाही.

बारशाच्या आदल्या दुपारी, लाईट नसताना, मी त्या बाजेवर जाऊन पडले. हे दारात खुर्ची टाकून बसले आणि दर थोड्या वेळानं विचारायचे, "कसं वाटायलंय?" मी मुद्दाम उत्तर देत नव्हते. घाम आला, पण तो कुठंही येतो. डोकं जड झालं नाही. वर बघत पडले होते आणि तट्ट्यांच्या वरून हवा सरकल्याचा बारीक आवाज येत होता. मी म्हटलं, "निजवता येईल." ह्यांनी डोळे पुसले. त्याच संध्याकाळी आम्ही मायलेकींना शेजारून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, उन्हाच्या अगदी ऐन वेळी. ती वेळ त्यांनी ठरवूनच साधली असणार आणि मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. चहापाणी नको म्हणाल्या आणि थेट खोलीत शिरल्या. बाजेवर बसल्या. वर पाहिलं, झरोके पाहिले, भिंतीला तळवा लावला. आम्ही नवराबायको परीक्षेला बसल्यासारखे उभे. लेक बाळाला घेऊन दारापाशी टेकली होती.

बराच वेळ बसून विहीणबाई उठल्या. "गार हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या स्लॅबखाली दुपारी एवढं बी निवत न्हाई. राहू द्या दोघींना. सव्वा महिना इथंच होऊ द्या."

मी जिंकले होते. खरंच, त्या क्षणी तोच शब्द मनात आला.

"न्हाई आत्या," लेक म्हणाली. "मी येते तुमच्यासंगं."

मला वाटलं, सासूचा मान राखायला म्हणतेय. तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अगं, त्या स्वतः राहू द्या म्हणायल्यात. खोलीत काही कमी हाय का? सांग, बाबा अजून करतेल."

"खोली चांगली हाय, आई." ती बाळाच्या छातीवर हात ठेवून बोलत होती. दवाखान्यातून आल्यापासून तो हात तिथून हललाच नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. "मला इथं झोपच येत न्हाई. डोळा लागला की वाटतं, ही गप झाली."

मी आत गेले. डिंकाचे लाडू डब्यात भरले, ओवा-शेपा पुडीत बांधल्या, बाळाची झबली घड्या करून पिशवीत घातली. बाहेर ह्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते शिडीवर चढून तुराट्यांची एक सैल तार आवळत होते आणि वरूनच मला विचारत होते, पाळणा झरोक्याखाली बांधायचा की दारापाशी.

मी त्यांना खाली बोलावलं.