सालू पाद्रींची फावडी

गोव्यात डिचोलीच्या गॅरेजात मी बावीस वर्षं काढली. तिथं जुने नटबोल्ट साचतात, तसे सालू पाद्रींचे किस्सेही साचले. एक काढायला हात घालावा, तर चार सोबत येतात. चहा आलाच आहे, तर ऐका!

* * *

मी मूळचा गडहिंग्लजचा. पाद्री बाजारामागच्या छोट्या चॅपेलमध्ये. त्यांची जीप पहिल्यांदा दुरुस्तीला आली, तेव्हा बघतो तर ब्रेकच नाहीत!

"पाद्री, सुर्ल्याहून उतार उतरून आलात कसे?"

"देवाचं नाव घेत."

"आणि रस्त्यातली माणसं?"

"तीपण देवाचं नाव घेतच बाजूला होत होती!"

मी हसत मागं बघितलं, तर सीटवर पाय मोडलेला एक खाणकामगार. "आधी ह्याला दवाखान्यात सोड," पाद्री म्हणाले, "जीपला काही दुखत नाही."

* * *

सुर्ल्याच्या एका वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, विहीर खाणीच्या लाल गाळानं भरली. बायका लांबून पाणी आणायच्या. त्या वाड्यावर ख्रिस्ती घर एकही नाही.

रविवारी चॅपेलमध्ये मीस, म्हणजे प्रार्थना चालू असताना पाद्री उपदेशाला उभे राहिले. "शेजाऱ्यावर प्रेम करा, हे तुम्ही जन्मभर ऐकलंय. आज मी बोलत नाही. बाहेर फावडी ठेवलीत."

झाला उपदेश! इस्त्रीच्या शर्टातली माणसं थेट विहिरीवर. सगळ्यांत आधी पाद्री उतरले. वर आले ते डोक्यापासून पायापर्यंत लालभडक. वाड्यावरची एक आजी म्हणाली, "ह्यो पाद्री की मारुती गो?"

* * *

कारापूरच्या एका सोवळ्या म्हातारीला ताप आला. घरात एकटी. पाद्रींनी चॅपेलमधल्या नर्स कान्सूबाईंना पाठवलं. म्हातारी त्यांच्या हातचं औषध घेई, पण पेज नको! शेजारीण होती, पण दोघींचा अबोला कित्येक वर्षांचा.

कान्सूबाई सरळ शेजारणीच्या दारात गेल्या. "औषध मी देते, पेज तू कर. ती मेली तर भांडशील कोणाशी?"

शेजारीण पेज घेऊन गेली. पुढं कान्सूबाई सांगायच्या, "ताप दोन दिवसांत उतरला. दोघींना बोलतं करायला आठ दिवस लागले!"

* * *

भाषेचं आंदोलन पेटलं, तेव्हा रस्त्यांवर झाडं आडवी टाकली होती. पाद्रींच्या जीपमध्ये सुर्ल्याची एक गरोदर बाई, कळा सुरू झालेल्या. स्टिअरिंगवर मी. पोरांनी अडवलं. पाद्रींचा झगा बघून एकानं विचारलं, "मराठी की कोंकणी?"

पाद्री खाली उतरले. "ही कुठल्या भाषेत ओरडतेय, ते तूच ऐकून सांग!"

मागून बाई किंचाळली. मग त्या पोरानंच बाकीच्यांना हाक मारली, आणि सगळ्यांनी मिळून ओंडका बाजूला केला. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा तिला बघायला दवाखान्यात!

* * *

रामाप्पा बेळगावकडचा. खाणीवर माल भरायचा. आजारात गेला. मागंपुढं कोणी नाही. आम्ही वीसेक जण स्मशानात जमलो. लाकडं रचून झाली आणि भटजींनी विचारलं, "अग्नी कोण देणार? देणाऱ्याला केस काढावे लागतील."

सगळे जमिनीकडे बघायला लागलो. खोटं कशाला बोलू, मीपण! माझे वडील गावी जिवंत होते. बाप असताना डोकं भादरायला मन धजेना.

मागून सालू पाद्री पुढं आले. "भटजी, मी चालेन?"

भटजींनी त्यांच्या झग्याकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "बसा. न्हावी आलाय."

त्या रविवारी मी पहिल्यांदाच चॅपेलच्या दारात जाऊन उभा राहिलो. पाद्री वेदीपाशी आले. डोक्यावर एक केस नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या बाकावरची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "पाद्र, केंस खंय गेले?"

"एका भावाक दिले," ते म्हणाले, आणि त्यांनी मीस सुरू केली.