लेपीचं पोट

ती संशोधनाच्या कचेरीत माशांची पोटं चिरून बघायची. मासा एकच, खोल पाण्यातली बोटभर लेपी. ना विकायची, ना खायची. जन्मते चारचौघांसारखी, दोन बाजूंना दोन डोळे. मग एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याशेजारी येतो आणि ती जन्मभर चिखलात एका कुशीवर पडून राहते. ती जेवते कधी, हे साहेबांना शोधायचं होतं. म्हणून बोटीवरून दर तीन तासांनी जाळं टाकायचं, प्रत्येक वेळचे मासे वेगळ्या डब्यात, डब्यात वेळेची चिठ्ठी.

चिठ्ठ्या तिचा नवरा लिहायचा. बोटीवर खलाशी होता, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

"हे सहा की शून्य?" ती घरी विचारायची.

"मासे चिरून चिरून डोळे गेले तुझे."

"गेले नाहीत. तुझी वाट बघून एका बाजूला आलेत, लेपीसारखे."

त्या खेपेला सकाळी नऊचं जाळं वर आलं. त्याने मासे डब्यात भरले, चिठ्ठी टाकली. जाळं पुन्हा सोडताना दोर तुटला आणि सपकन त्याच्या छातीवर बसला. बोट धक्क्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याने ती कामावर आली. डबे शीतपेटीत गोठलेले तसेच होते.

"ताई, नऊचा डबा राहू द्या," साहेब म्हणाले. "एक नसला तरी चालेल."

"त्याने भरलाय तो. वाया कसा घालवू?"

एक्केचाळीस लेप्या निघाल्या. सगळ्यांची पोटं टम्म, आतले किडे अजून जिरलेही नव्हते. ती वहीत लिहीत गेली: भरलेलं, भरलेलं, भरलेलं. लिहिता लिहिता थांबली. बोटीवरचे इंजिनवाले काका तिची चौकशी करायला आले होते, दाराशीच घुटमळत होते.

"काका, त्या सकाळी त्याने काही खाल्लं होतं?"

काकांनी मान खाली घातली. "नुसता चहा घेतला, पोरी. म्हणाला, एवढं जाळं सोडतो, मग बसतो खायला."

महिनाभर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती तिथेच, माशांच्या रक्ताने माखलेल्या हातांनी, टेबलावर कोसळली आणि धाय मोकलून रडली. काका पाणी आणायला धावले.

लेपी सकाळी जेवते, असं पुढे साहेबांच्या अहवालात छापून आलं. तिने तो उघडला नाही. शिंपल्यांच्या विभागात बदली मागून घेतली. तिथे नुसतं मोजायचं असतं.

घरी मात्र सकाळी ती दार अडवून उभी राहते.

"वहिनी, उशीर होतोय गं!" कामावर निघालेली नणंद काकुळतीला येते.

"होऊ दे. आधी खा."