भाकरीवर शिकलेलं इंग्रजी

अमरावतीच्या कापूसबाजारात एक म्हातारा कडुनिंबाखाली बसे आणि एका भाकरीला एक इंग्रजी शब्द शिकवी. आमच्या कापसाला तेव्हा विलायतेत सोन्याचा भाव आला होता, अन् चार इंग्रजी शब्द येणाऱ्याला गोऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरी मिळे. म्हणून मीही महिनाभर त्याच्यासमोर मांडी घातली.

पूर्वी तो एका साहेबाच्या बंगल्यात दाराआड बसून पंखा ओढायचा. तिथे जेवणाच्या वेळचंच बोलणं ऐकल्यामुळे त्याचं सगळं इंग्रजी पावाचं होतं. मी नेलेली ज्वारीची भाकर तो गंभीरपणे मोडी. कडक पापुद्रा म्हणजे क्रस्ट, आतला मऊ भाग क्रम्ब, शिळं ते स्टेल. पाठ झालेला शब्द तो लगेच खाऊन टाकी.

गोऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरी मागायला गेलो तेव्हा त्या साहेबाने कापसाची गाठ दाखवली. वरून पांढरीशुभ्र, आत हात घातला तर ओली, कुजकी. मी म्हणालो, "क्रस्ट गुड, क्रम्ब स्टेल." साहेबाने गाठ फोडून पाहिली आणि मला ठेवून घेतलं.

गुरुदक्षिणा म्हणून मी खऱ्या पावाचा तुकडा कागदात बांधून नेला. म्हातारा चार हात मागे सरकला.

"मले बाटवून राह्यला का?"

"तुमी कधी खाल्ला नाई?"

"तू खाल्ला?"

मी कागद सोडून पाव खाली ठेवला. पाव आमच्या मधे पडून राहिला. शेवटी एक बकरी आली आणि आमच्या देखत तिने सगळं इंग्रजी खाल्लं.

तिच्या हलत्या तोंडाकडे पाहत म्हातारा हळूच म्हणाला, "विचार तिले, कसा लागते."