पार्माकोव मास्तरांचं दुसरं पान

पद : विशेष तज्ज्ञ, राजशिष्टाचार व जनसंपर्क, ब्रोदोवो नगरपालिका. पदधारक : एव्स्ताती म्लादेनोव पार्माकोव. वैवाहिक स्थिती : विधुर. कर्तव्ये : राष्ट्रीय दिन, सणवार, उद्घाटने, पुष्पचक्र अर्पण आणि आकस्मिक दुःखद घटना यांप्रसंगी नगराध्यक्षांना उचित भावना लेखी स्वरूपात वेळेवर उपलब्ध करून देणे. कार्यालयाबाहेरील सामाजिक कार्य : भटक्या प्राण्यांच्या कल्याणार्थ असलेल्या स्थानिक संघटनेचे अध्यक्ष, चिटणीस आणि बहुतांश सदस्य. शिस्तभंगाची कारवाई : नाही.

गावात त्यांना विशेष तज्ज्ञ असं कुणी म्हणत नसे. म्हणत मास्तर. केबलचा कारखाना चालू होता आणि शाळेत पोरं मावत नव्हती, त्या काळात त्यांनी अर्ध्या ब्रोदोवोला साहित्य शिकवलं होतं. पुढे कारखाना बंद पडला, पोरं आईबापांसकट स्पेनला नि जर्मनीला गेली, डॅन्यूबवरचा धक्का मासे धरणाऱ्या पेन्शनरांच्या ताब्यात गेला आणि मास्तर नगरपालिकेत आले. त्यांच्या देखत तीन नगराध्यक्ष झाले, तिघं तीन पक्षांचे. पहिला स्वातंत्र्याच्या नावाने गहिवरायचा, दुसरा पेन्शनीच्या, तिसरा रस्त्यांच्या. गहिवर मास्तर पुरवत. त्यात फारसा बदल करावा लागत नसे, नाम बदललं की भागायचं.

हा तिसरा, कामेन बोझिनोव, त्यांचाच विद्यार्थी. साहित्यात त्याला सहापैकी कायम दोन मिळत, म्हणजे नापास. पुढे त्याने पेट्रोल पंप काढला, तो चालला, आणि ज्याचा पंप चालतो त्याचं गावही चालेल असं लोकांना वाटलं. पहिल्याच भाषणाला दणकून टाळ्या पडल्या, त्या आनंदात तो माइक सोडेना. कागद संपला तरी बोलत राहिला, आणि शेवटी सासूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची हकीकत सांगून खाली उतरला. तेव्हा मास्तरांनी त्याला समोर बसवून एक नियम सांगितला. "सगळ्यात मोठी टाळी पडली की उतरायचं. त्यानंतर आई जरी आठवली तरी बोलायचं नाही." बोझिनोवने तो नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. वर्गात जे वर्षानुवर्षं साधलं नव्हतं ते नगरपालिकेत साधलं. मास्तरांचं एक वाक्य त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. मास्तरही मग भाषण असं बांधत की मोठी टाळी नेमकी शेवटच्या ओळीला पडावी.

पगारवाढ त्यांनी कधी मागितली नाही. दर मोठ्या भाषणामागे ते एक वस्तू मागत. तीन मार्चच्या राष्ट्रीय दिनाला जनावरांच्या डॉक्टरसाठी ऑपरेशनचं टेबल, चोवीस मेच्या अक्षरदिनाला पोस्टाची जुनी गाडी, नदीकाठच्या हुतात्म्यांच्या शताब्दीला निवाऱ्यासाठी जागा, तीही जुन्या खाटीकखान्यामागे, कारण हुतात्म्यांना तेवढंच बजेट होतं. ब्रोदोवोत देशभक्ती किती आहे हे पाहायचं तर नसबंदी झालेली कुत्री पाहावीत. पकडायचं, ऑपरेशन करायचं, लस टोचायची, कानाला पिवळा बिल्ला लावायचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा हा कारभार. बिल्ल्याचं कुत्रं चावत नाही, पिल्लं घालत नाही आणि आपल्या इमारतीशी नवं कुत्रं फिरकू देत नाही.

मास्तर राहत त्या चौदा नंबरच्या इमारतीशी असं एक होतं. रंगाने मळकट, अंगाने रुंद, एक पाय जरा आखूड. कुणीही दिलं तरी खायचं, काहीही झालं तरी झोपायचं, आणि मोटार थांबली की उठून उभं राहायचं. म्हणून त्याचं नाव मंत्री. सकाळी तो मास्तरांना नगरपालिकेपर्यंत पोचवायला जाई आणि तळमजल्यावरच्या त्सोंका मावशींनी कोंबडीच्या माना उकळायला घातल्या की वासावर परत येई. मावशी कारखान्यात क्रेन चालवायच्या. आता गुडघ्यांमुळे बाकापलीकडे जात नव्हत्या, पण आवाज अजून क्रेनवरचाच होता.

सप्टेंबरात कारखान्याच्या पडक्या शेडपाशी एका लहान मुलीला कुत्र्यांनी फाडलं. बिल्ला नसलेली, कुठून तरी बाहेरून आणून सोडलेली टोळी होती. मुलगी वाचली, पण तिच्या गालाला टाके पडले. बाप टीव्हीवर आला. निवडणूक तोंडावर होती. विरोधी उमेदवाराने जाहीर केलं की आपण निवडून आलो तर बिल्ल्याचं असो वा बिनबिल्ल्याचं, पहिल्या बर्फाआधी गावात एक कुत्रं दिसणार नाही.

बोझिनोवने मास्तरांना बोलावून घेतलं. गावच्या जत्रेला चौकात भाषण होतं.

"मास्तर, या वेळी गहिवर नको. दात हवेत."

"दात देतो. पण मोबदला ठरवून घे. पिवळ्या बिल्ल्याला हात लागणार नाही, हे तू चौकात, स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

"तुम्ही लिहा, मी बोलतो. तुम्ही लिहिलेलं कधी बोललो नाही असं झालंय?"

झालं नव्हतं. मास्तर घरी येऊन लिहायला बसले. भाषण दोन पानांचं झालं. पहिल्या पानावर ती मुलगी, तिचा बाप आणि गावाची भीती. दुसऱ्यावर पिवळा बिल्ला : हे कुत्रं आपलं आहे, आपणच त्याला इथे ठेवलंय, तेच आपल्या दाराशी ती टोळी येऊ देत नाही, त्याला कुणी हात लावू नये. कुठलंही भाषण ते आधी बाकावर मावशींना वाचून दाखवत, कारण मावशींना जे कळतं ते चौकाला कळतं. पहिलं पान झालं तशी मावशींनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"अंगावर काटा आला रे. मलासुद्धा दगड उचलावासा वाटला."

मास्तरांना हे आवडलं. लिहिणाऱ्याला आवडतंच. मग दुसरं पान वाचलं. मंत्री बाकाखाली घोरत होता. मावशींनी नाक शिंकरलं आणि विचारलं, की खरं सांगायचंय ते हेच ना, मग हे आधी का नाही बोलत? त्यावर मास्तरांनी वर्गात समजावत तसं समजावलं. चिडलेला माणूस दारात उभा असताना त्याला शहाणपण सांगता येत नाही. आधी त्याच्या रागाला खुर्ची द्यावी लागते. तो बसला की मग बोलायचं.

"आणि बसलाच नाही तर?" मावशी म्हणाल्या.

जत्रेच्या दिवशी चौक गच्च भरला होता. भाजलेल्या मिरच्यांचा नि कबाबाचा धूर, एका बाजूला ढोल-क्लॅरिनेटवाले तयारीत. मास्तर नेहमीप्रमाणे मंचाखाली, माइकच्या माणसाशेजारी. बोझिनोव चांगला बोलत होता. श्वास जिथे घ्यायचा तिथे घेत होता. पहिलं पान संपता संपता ते वाक्य आलं, जे मास्तरांनी केवळ चढण म्हणून लिहिलं होतं : "माझ्या गावातलं लेकरू अंधाराला भ्यायलं तर मी दिवा लावीन, स्वप्नाला भ्यायलं तर उशाशी बसेन. पण ते स्वतःच्या दाराला भितं. आपलं दार आपल्याला परत हवं."

मग जे झालं त्याला टाळ्या म्हणणं कमीच. मुलीचा बाप पुढच्या रांगेत उभा होता, त्याला लोकांनी उचलून धरलं. बायका रडत होत्या. बोझिनोवच्या उभ्या आयुष्यात, पंपाच्या उद्घाटनालासुद्धा, एवढी टाळी पडली नव्हती. त्याने एकवार चौकाकडे पाहिलं, कागदाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि शिकवल्याप्रमाणे उतरला.

मास्तर गर्दी रेटत त्याच्यापर्यंत पोचले आणि पुन्हा वर जा म्हणाले. बोझिनोवचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"आता? मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना. ह्याच्यावर काय बोलणार माणूस?"

"कामेन, दुसरं पान राहिलंय."

"उद्या पेपरात देऊ." तेवढ्यात कुणी तरी त्याचा हात धरून त्याला फेर धरणाऱ्यांत ओढून नेलं.

मंच रिकामा होता. ढोलवाल्याचा पट्टा अडकला होता म्हणून वाजंत्री अजून सुरू झाली नव्हती. माइक चालू होता, मास्तरांना त्याची बारीक घरघर ऐकू येत होती. तीन पायऱ्या चढल्या की झालं. दुसरं पान त्यांना पाठ होतं, त्यांनीच लिहिलेलं. माइकच्या माणसाने विचारलंसुद्धा, मास्तर, काही सांगायचंय का लोकांना? तीन नगराध्यक्षांच्या तोंडून मास्तर या चौकाशी बोलले होते. स्वतःच्या तोंडून कधीच नाही. त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला, आपल्या कोटाचं तुटलेलं बटण चाचपलं, आणि म्हणाले, काही नाही, तू तुझं काम कर. मग ढोल वाजला.

दुसरं पान कबूल केल्याप्रमाणे, मास्तरांकडच्या प्रतीवरून, पेपरात आलं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि लाकूडफाट्याच्या जाहिराती यांच्या मध्ये. कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

नगरपालिकेने त्या आठवड्यात काहीच केलं नाही. करावंच लागलं नाही. शेडपाशची बिल्ला नसलेली टोळी जंगलाकडे पसार झाली होती, ती माणसाच्या हातचं खात नव्हतीच. हातचं खायची ती बिल्ल्याची. आधी शाळेपाशी दोन मेली, मग धक्क्यावर, मग बाजारात. खिम्याच्या गोळ्यांत काय घातलं होतं ते डॉक्टरला कळलं, पण कुणी घातलं ते कळलं नाही. मास्तर प्रत्येक इमारतीत जाऊन सांगत होते, की बिल्ल्याच्या कुत्र्यांना आत घ्या, निदान कोठीत बांधा. लोक दारात येऊन अदबीने ऐकून घेत. मास्तर होते ना सगळ्यांचे. एकाने कॉफी विचारली.

पावाच्या रांगेत त्यांच्या पुढचा माणूस पाववालीला म्हणाला, की आपलं दार आपल्याला परत हवं. सबंध वाक्य त्याने म्हटलं, दिव्यापासून दारापर्यंत, एक शब्द न चुकता, थांबायचं तिथे थांबून. शाळेत याच माणसाला चार ओळींची कविता पाठ होत नव्हती.

मंत्रीला मास्तरांनी स्वतःच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलं होतं. त्याला ते मानवलं नाही. उभ्या आयुष्यात छप्पर नव्हतं, तो दाराशी बसून कुंई कुंई करी. तिसऱ्या दिवशी मास्तरांना त्याची दया आली. सकाळची वेळ, सगळे जागे, मावशी बाकावर. म्हणून पाच मिनिटं खाली सोडला. तो झाडाशी गेला, गॅरेजच्या मागे वळला, आणि परत आला तो जिभल्या चाटत. मास्तरांना तिथेच कळलं. मावशींनी आपल्या दारातलं पायपुसणं काढून दिलं, त्यात गुंडाळून त्याला डॉक्टरकडे नेला. डॉक्टरच्या दारात टॅक्सी थांबली तेव्हा तो सवयीने उठायला गेला. उठला नाही.

निवडणूक बोझिनोव जिंकला. सत्काराचे हार उतरल्यावर तो मास्तरांच्या खोलीत आला, बरोबर राकियाची, म्हणजे आलुबुखाराच्या दारूची, बाटली. खिडकीशी जाऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या पंपावरची दोन कुत्रीही मेली होती.

"ते पान खिशातच होतं," तो म्हणाला. "परवा कोट धुवायला देताना वाचलं. मास्तर, ते पहिल्यापेक्षा चांगलं होतं."

"नव्हतं," मास्तर म्हणाले. "चांगलं वाटलं असतं तर मी ते पहिलं ठेवलं असतं."

बोझिनोवने दोन पेले भरले. एकच रिकामा झाला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो नि चार ओळी छापलेला कागद इमारतीच्या दारावर, थांब्यावर, झाडावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाने आणखी नवा. आख्ख्या चौदा नंबरचे हे कागद मास्तर फुकट लिहून देत. कंजूष, भांडकुदळ, बायकोला छळणारे, सगळे त्यांच्या हातून जाताना मायाळू आणि उदार होऊन जात. मंत्रीला चाळीस दिवस झाले तेव्हा मावशी भिंतीला धरत धरत तीन मजले चढून आल्या. हातात नातवाने काढलेला फोटो होता. त्यात मंत्रीचे डोळे मिटलेले होते, कारण उघडे असलेला फोटो कुणापाशीच नव्हता.

"माणसासारखाच कागद हवा," मावशी म्हणाल्या. "दारावर लावणार आहे मी. ज्याने केलं तो याच दारातून जातो-येतो."

मास्तरांनी मान हलवली आणि पेन उघडलं. मावशी खुर्चीत बसून दम खात होत्या. त्यांनी मास्तरांच्या हाताकडे पाहिलं.

"एक कर, एव्स्ताती. चांगलं लिहू नकोस."

मास्तरांनी वर पाहिलं.

"तू चांगलं लिहिलंस की लोक ऐकतात."

मास्तरांनी वर नाव लिहिलं, खाली तारीख, बस्स. मावशींनी कागद घेतला, वाचला, आणि बरोबर आहे म्हणाल्या. उतरताना मास्तर त्यांचा हात धरून तळमजल्यापर्यंत आले आणि दारावर तो कागद त्यांनीच चिकटवला. एक-दोघं शेजारी येता-जाता थांबून वाचून गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या समोरच्या घरातल्या बाईंनी टोपी काढायला नवऱ्याला कोपराने डिवचलं.

डिसेंबरात वार्षिक मूल्यमापन आलं. पदधारकाने तयार केलेल्या मजकुराचा नागरिकांच्या वर्तनावर प्रत्यक्ष व मोजता येण्याजोगा परिणाम दिसून आला असून, लोकसहभागाच्या दृष्टीने तो अनुकरणीय आहे. श्रेणी : अपेक्षेहून अधिक. खाली पदधारकाची सही लागते. मास्तरांनी केली.

त्या हिवाळ्यात चौदा नंबरच्या इमारतीशी एकही कुत्रं नव्हतं.