मामांचं खाकरणं

सगळ्या पुलगावात जगाकडे कानांनी बघणारा माणूस एकच, आणि तो माझा मामेभाऊ निघावा हे माझं नशीब. धंदा कापडाचा, पण गल्ल्याशेजारी लॅपटॉप आणि त्यात आवाज घडवायचं सॉफ्टवेअर. त्यातला फिल्टर आवाजाची धार गाळतो आणि एन्व्हलप तो कसा उठेल, किती टिकेल, कसा विरेल ते ठरवतो, हे त्याने मला इतक्यांदा समजावलंय की मी आता मान आधीच हलवून ठेवतो. मामींनी फोडणी दिली की हा तिच्या अटॅकची, म्हणजे आवाज उठण्याची, तारीफ करतो. एकदा मी 'येतो' म्हणून अर्धा तास उंबऱ्यातच बोलत राहिलो, तर शांतपणे म्हणाला, "दादा, तुमचा रिलीज लई लांब हाय, आवाज विरतच नाई."

मामा गादीवर बसून नुसते खाकरत, तेवढ्यावर गिऱ्हाईक घासाघीस सोडून देई. ते गेले आणि सगळं बिनसलं. याला 'नाही' म्हणता येत नाही. बायका साडीचा भाव निम्म्यावर आणतात, वर अस्तर फुकट. दुकान बसायची वेळ आली तेव्हा याने ठरवलं, मामांचं खाकरणं लॅपटॉपवर घडवायचं आणि भाव पडू लागला की वाजवायचं. रेकॉर्डिंग नव्हतं; खाकरणं कोण जपून ठेवतं? सहा महिने हा नुसत्या खरखरीवर फिल्टर फिरवत होता. पहिला प्रयत्न ऐकून जवळच्या रोहणा गावची एक बाई म्हणाली, "काऊन भाऊ, आत म्हैस बांधली का?" आणि तिने भाव आणखी पाडला.

गेल्या दिवाळीआधी मी तिथेच बसलो होतो. दुपारी चारच्या सुमारास त्याने रिलीज जरासा कमी करून बटन दाबलं, आणि मी दचकून गादीकडे पाहिलं. मामांची फार आठवण आली. तेवढ्यात, ते गेल्यापासून दुकानात पाऊल न टाकलेल्या मामी पदर सावरत मागच्या घरातून बाहेर आल्या. लॅपटॉप त्यांना दिसत होता, तरी हातातला कप त्यांनी रिकाम्या गादीपाशीच ठेवला.

"साखर नाई टाकली," त्या म्हणाल्या. "खाकरले की चहा लागते त्यायले."

चार चमचे साखर घेणाऱ्या माझ्या मामेभावाने तो चहा मुकाट्याने संपवला. गिऱ्हाइकं त्याला अजून तशीच लुटतात. त्यांच्यासमोर तो ते खाकरणं कधीच वाजवत नाही. रोज दुपारी चारला एकदाच वाजवतो, आणि आतल्या दाराकडे बघत बसतो.