टोचलं की ‘हो’ म्हणा

पायांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, ते चालत येतात. फक्त त्या पायांनाच त्याचा पत्ता नसतो!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकरोडच्या एका दवाखान्यात मी सिस्टर होते. बरीच वर्षं शुगर असली की कातडीखालच्या नसांची टोकं बधिर होतात. मग टोचलेलं, भाजलेलं मेंदूला कळवायचं कोणी? आमची तपासणी सोपी. पेशंटने डोळे मिटायचे, मी तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवायचा, लागला की त्याने ‘हो’ म्हणायचं. ‘हो’ आलं नाही तर धोका. न कळलेली एखादी जखम चिघळते आणि पाय कापायची पाळी येते.

*

निफाडचे एक द्राक्षबागायतदार आले. "पाय एकदम ओके! बूट तेवढा कुरकुरतोय."

बूट काढायला गेले तर निघेना. मांडवाच्या तारेचा तुकडा सोलमधून थेट तळव्यात घुसलेला!

"आयला! सकाळपासून बाग फिरतोय की मी!"

मी पक्कड आणायला धावले.

*

जुन्या नाशकातल्या एक खाला थंडीत शेगडीशी पाय शेकत बसल्या होत्या. जळकट वास आला तशा सुनेवर ओरडल्या, "अरी देख तो, चमडा कैसा जल रहा है?"

सून धावत आली. खालांचाच अंगठा!

हे सांगताना खाला खदाखदा हसत होत्या. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

सटाण्याकडचे एक बाबा. डोळे मिटले आणि सुरूच झाले, "हो! हो! हो!"

"बाबा, मी अजून दोरा लावलाच नाही!"

"मंग काय झालं? मला पाय कापायचा नाय!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

*

आमचे डॉक्टर भारी कडक. रोज पाय न बघणाऱ्या पेशंटला फाडून खायचे. एकदा नवी सिस्टर आली, तिला तपासणी शिकवायची होती. डॉक्टरांनी स्वतःच मोजे काढले.

"माझ्या पायावर दाखवा. नॉर्मल पाय कसा असतो ते कळू दे तिला."

त्यांनी डोळे मिटले. मी अंगठ्याखाली दोरा टेकवला. मग करंगळीखाली. मग तळव्याच्या मध्यावर. दुसरा पाय घेतला. नवी सिस्टर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी पुन्हा अंगठ्याखाली दोरा टेकवला.

"अहो सिस्टर," डॉक्टर डोळे मिटूनच खेकसले, "सुरू करा ना! बाहेर पेशंट खोळंबलेत!"